केंद्रातल्या चाळीस शिक्षकांना मुलांच्या मनाबद्दल काय शिकवू?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक आम्ही दोघंच. मागच्या महिन्यात तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय होता विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि वर्गातला सहभाग. त्यात सुलभक, म्हणजे पुढे प्रशिक्षण देणारी, म्हणून माझं नाव आलं. म्हणजे आता तेच सगळं आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, चाळीस शिक्षकांना शिक्षण परिषदेत (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत) मी द्यायचं. हातात साठ स्लाइडची पीपीटी आहे. माझं डी.एड. झालंय, मानसशास्त्र वाचलं ते परीक्षेपुरतं. त्यात आमच्याकडचे एक ज्येष्ठ गुरुजी आत्ताच सगळ्यांदेखत म्हणाले, "छडी काढून घेतली, आता पोरांची मनंपण आम्हीच सांभाळायची का?" सगळे हसले आणि मला उत्तर सुचलं नाही. काय करू?

ता. क. : माझ्या चौथीतला एक मुलगा दिवाळीनंतर बोलायचाच थांबलाय. आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर गेलेत, तो आजीजवळ राहतो. वही उघडून बसतो, पण लिहीत नाही. दुसऱ्यांना शिकवायला निघाले आणि माझ्याच वर्गात हे चाललंय.

— एक शिक्षिका

उत्तर :

ताई, ती पीपीटी ज्यांना हवी त्यांना ग्रुपवर पाठवून द्या आणि परिषदेत प्रोजेक्टर लावूच नका. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून केंद्राला असं उतरत उतरत जे प्रशिक्षण येतं, त्यातला गाभा वाटेत गळतो आणि शेवटी स्लाइड तेवढ्या उरतात. तुमच्यासमोर बसणाऱ्यांनी 2019 पासून 'निष्ठा' हे सरकारी शिक्षक-प्रशिक्षण केलंय, 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स केलेत, प्रमाणपत्रं डाउनलोड केलीत. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तर दर शिक्षकानं वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. म्हणजे ऐकण्याचे तास कमी पडत नाहीत. कमी पडतो तो सराव.

अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी 1980 च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणातलं नेमकं काय वर्गापर्यंत पोचतं याचा बराच शोध घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : नुसतं ऐकलेलं कळतं, पटतंसुद्धा, पण वर्गात क्वचितच दिसतं. तिथेच करून पाहिलं तर थोडं जास्त दिसतं. नंतर शाळेत परत गेल्यावर कुणीतरी सहकारी सोबत राहिला, बघून सांगत राहिला, तर ते अंगवळणी पडतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. केंद्रप्रमुखांकडे एक पूर्ण दिवस मागण्याऐवजी पुढच्या चार-पाच परिषदांमधला पाऊण-पाऊण तास मागा. दर वेळी एकच गोष्ट घ्या. ती महिनाभर वर्गात करून पाहायची आणि पुढच्या परिषदेत काय झालं ते सांगायचं.

आता उरलेलं अर्धं. तुम्ही लिहिलंय की मानसशास्त्र येत नाही, मग मी कोण शिकवणार? ही अडचण मुळात अडचणच नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात 70 हून अधिक सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला. गोव्यात 1996 साली सुरू झालेली 'संगाथ' ही संस्था त्यात होती आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत शाळेचं वातावरण आणि मुलांचं मानसिक आरोग्य सुधारण्याचं काम त्याच एका कामासाठी नेमलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे दिलं. ते डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. काही शाळांत तेच काम तिथल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवलं. काही शाळांत नेहमीचंच चालू ठेवलं. पहिल्या गटात नववीच्या मुलांना शाळा आपली वाटायला लागली, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या, उदासीची लक्षणंही कमी झाली, आणि दुसऱ्या वर्षी हा फरक आणखी वाढला. शिक्षकांच्या गटात मात्र नेहमीच्या शाळांपेक्षा काहीच वेगळं दिसलं नाही.

हे वाचून हातपाय गाळू नका. मला यातून एवढंच दिसतं की शिक्षकाला त्याच्या सगळ्या कामांवर आणखी एक समुपदेशकाची टोपी घालून काही होत नाही. पोषण आहाराची नोंद, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, बीएलओची (मतदार यादीची) ड्युटी, त्यात तीन इयत्ता एका खोलीत, आणि वर समुपदेशन? शिवाय जो पेपर तपासतो, जो ओरडतो, त्याच्याजवळ मूल मनातलं सगळं सांगेलच असं नाही. म्हणून तुमच्या चाळीस जणांना समुपदेशक बनवायला जाऊ नका. शिक्षक म्हणून जे फक्त त्यांनाच जमतं तेवढं पक्कं करा. मूल रोज सहा तास शिक्षकाच्या नजरेसमोर असतं. तेवढा वेळ दुसऱ्या कुणालाच मिळत नाही, कित्येकदा आईबापांनाही नाही. बदल लक्षात येणं, नीट विचारणं आणि गरज पडली तर पुढच्या माणसापर्यंत नेणं, इतकंच शिकवायचंय.

पहिल्या परिषदेला काय करायचं ते सविस्तर सांगते.

फोटो सुरुवातीलाच काढून घ्या, म्हणजे अहवालाची चिंता मिटेल. मग सगळ्यांना कोरा कागद द्या आणि हजेरी न बघता आपल्या वर्गातल्या मुलांची नावं लिहायला सांगा, जशी आठवतील तशी. पट मोठा असेल तर एकाच इयत्तेची. पाच मिनिटांत पेन थांबायला लागतील. मग प्रत्येक नावापुढे त्या मुलाबद्दलची अशी एक गोष्ट लिहायची, जिचा अभ्यासाशी संबंध नाही. कुत्र्याला घाबरतो. भावाला कडेवर घेऊन शाळेत येते. शिट्टी छान वाजवतो. मामाकडे राहते. हे लिहिताना खोली हळूहळू शांत होईल, कारण प्रत्येकाच्या कागदावर चार-सहा नावं अशी असतील ज्यांच्यापुढे लिहायला काही नाही, आणि दोन-तीन नावं मुळात आठवलेलीच नसतील. पहिली आठवलेली नावं हुशार मुलांची आणि खोडकर मुलांची असतात. सुटतात ती मधली, त्रास न देणारी, गप्प बसणारी. तो कागद कुणाला दाखवायला लावू नका, मोठ्यानं वाचायला तर नाहीच. घडी घालून खिशात ठेवायचा. महिनाभराचं काम एवढंच की रिकाम्या राहिलेल्या नावांपुढे एकेक ओळ भरून आणायची. त्यासाठी त्या मुलाशी दोन मिनिटं बोलावं लागतं. मधल्या सुट्टीत, परसबागेत, खिचडीच्या रांगेत, कुठेही.

सहभागाचा विषय इथेच येतो, त्याला वेगळं सत्र नको. मूल वर्गात बोलत नाही याचं पहिलं कारण बहुतेक वेळा हे असतं की त्याला कुणी विचारतच नाही. दुसऱ्या महिन्यासाठी हे घ्या : सहकाऱ्यानं मागे बसून वर्गाचा बैठक-आराखडा काढायचा आणि शिक्षक ज्या मुलाशी बोलेल, प्रश्न विचारेल, त्याच्या चौकोनात एक टिंब द्यायचं. वीस मिनिटांत काही चौकोन काळे होतात, काही कोरे राहतात. तुमच्यासारख्या दोनशिक्षकी शाळेत सहकाऱ्याला वर्ग सोडून येणं अवघड असेल, तर फोन खिडकीत ठेवून दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, नंतर स्वतःच टिंबं द्या आणि ते पुसून टाका. दुसऱ्याच्या वर्गात बसणारानं नुसती टिंबं द्यायची, शेरा मारायचा नाही. हे आधीच ठरवा, नाहीतर त्याला तपासणीचा वास येईल आणि कुणी दार उघडणार नाही.

तिसऱ्या वेळी विचारण्याचा सराव. जोड्या करा. एक शिक्षक, एक मूल. तुमच्या भागातला प्रसंग घ्या : मूल आईबापाबरोबर कारखान्यावर गेलं होतं आणि मार्चअखेर वर्गाच्या दारात येऊन उभं राहिलंय. आपल्या तोंडून पटकन काय निघतं? "आले का पाहुणे!" वर्ग हसतो, मूलही कसनुसं हसतं आणि मागे जाऊन बसतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण पाच महिने उसाच्या फडावर काढून आलेल्या त्या लेकरानं दारापर्यंत यायला किती धीर गोळा केला असेल ते त्या एका वाक्यात वाया जातं. त्याऐवजी म्हणता येईल, "बरं झालं आलास. ये, गणेशजवळ बस. काय राहिलंय ते आपण दुपारी बघू." वाक्य साधं आहे, पण ते कागदावर वाचू नका, तोंडानं म्हणायला लावा. मग अदलाबदल. मुलाची भूमिका केलेल्या शिक्षकाला विचारा, पहिल्या वाक्याला पोटात काय झालं? या एका प्रश्नानं साठ स्लाइडपेक्षा जास्त काम होईल. मुलांची शाळा तुटू नये म्हणून जाताना त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड (जे दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं) दिलंय का, हेही त्याच ओघात विचारून घ्या.

याच सराव-सत्रात खासगीत विचारण्याची पद्धत बसवा. "काय झालंय तुला?" या प्रश्नाला "काय नाय" हेच उत्तर येतं, आणि सगळ्यांसमोर विचारलं तर हमखास येतं. आपल्याला जे दिसलं ते सांगायचं आणि थांबायचं : "दोन दिवस झाले, तू डबा उघडत नाहीस. मला दिसलं." मग गप्प राहायचं. आम्हा शिक्षकांना दहा सेकंदांची शांतता सोसत नाही, लगेच आपणच उत्तर पुरवतो. त्या दहा सेकंदांचासुद्धा सराव करून घ्या. आणि मन, मन म्हणताना शरीर विसरू नका. गप्प बसणाऱ्या मुलाला एका कानानं कमी ऐकू येत असेल, फळ्यावरचं दिसत नसेल, सकाळी काही न खाता आलं असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा नुसती रांग लावून मोकळं न होता, "डॉक्टर, या तिघांचे कान-डोळे जरा नीट बघा" असं शिक्षकानं सांगितलं पाहिजे. ती तीन नावं पहिल्या परिषदेतल्या त्या कागदावरूनच मिळतील.

चौथी परिषद सगळ्यात जड आहे, आणि तिथे घाई नको. मुलानं काही गंभीर सांगितलं तर काय? कुणी मारतंय, कुणी नको तिथे हात लावतंय, जगावंसं वाटत नाही. चार गोष्टी सगळ्यांच्या डोक्यात बसल्या पाहिजेत. मुलावर विश्वास ठेवायचा आणि ते त्याला बोलून दाखवायचं. "आधी का नाही सांगितलंस" असं विचारायचं नाही. खोदून खोदून तपशील काढायचे नाहीत, मूल जेवढं आणि ज्या शब्दांत बोललं तेवढंच लिहून ठेवायचं. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची शंका जरी आली तरी 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर एक वर्षापर्यंत. खात्री करून घेणं हे आपलं काम नाही, गावात मिटवणं तर नाहीच नाही. हे शेवटचं वाक्य परिषदेत दोनदा म्हणा. गावचा दबाव कसा असतो हे तुमच्या चाळीस जणांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, आणि म्हणूनच आपण एकटे नाही हे त्यांना कळलं पाहिजे.

त्यासाठी त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून एक पान भरायचं, जे प्रत्येक शाळेच्या कपाटावर आतून चिकटवलं जाईल. मुलांसाठीची चाइल्डलाइन 1098. टेलिमानस 14416, ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, हे मोफत आहे, मराठीतून बोलता येतं आणि शिक्षकालाही स्वतःसाठी फोन करता येतो. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागाचे वार. प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताई, पोलीस ठाणे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीत कागदावर कोण आहे आणि खरोखर फोन उचलतं कोण. तक्रारपेटी तर प्रत्येक शाळेत आहेच. तिची किल्ली कुणाकडे, ती कधी उघडली जाते, हे विचारा. नालंदाच्या प्रयोगातही अशीच पेटी होती, पण तिथे ती उघडली जायची आणि चिठ्ठ्यांवर काहीतरी केलंय हे मुलांना दिसायचं. लहान मुलांना लिहिता येत नसेल तर चित्र टाकू द्या.

आता गुरुजी. ते जे बोलले त्यावर लोक हसले, पण त्यातला थकवा खरा आहे आणि तो तुम्ही मान्य करावा असं मला वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केली, हे योग्यच झालं, त्यावर चर्चा नको. पण छडी काढली तेव्हा तिच्या जागी काय धरायचं हे शिक्षकांना कुणी हाताला धरून शिकवलं नाही. नियम आला, परिपत्रक आलं, सराव आला नाही. गुरुजींना हे तुम्ही मोकळेपणानं सांगा : "तुमचं बरोबर आहे, हे तुमच्यावर नुसतं टाकलं गेलं." मग त्यांना विचारा, तुमच्या हाताखालून गेलेलं कोणतं पोर अजून फोन करतं? ते नाव सांगतील आणि मागे लागलात तर गोष्टही सांगतील. त्या गोष्टीत छडी नसेल. गुरुजींनी घरी जाऊन बापाची समजूत काढलेली असेल, परीक्षेची फी भरली असेल, नाहीतर रोज "जेवलास का" एवढंच विचारलं असेल. अशा माणसाला पुढच्या परिषदेत दहा मिनिटं बोलायला सांगा. तुमच्या केंद्रातलं सगळ्यात जुनं ज्ञान त्यांच्याजवळ आहे, ते तुमच्या बाजूला यायला हवं. आणि मुलं हाताबाहेर जातात ही त्यांची तक्रारही खरी माना. प्रेमानं वागणं म्हणजे काहीही चालवून घेणं नाही. वर्गाचे तीन-चार नियम मुलांबरोबर बसून ठरवावेत, मोडले तर काय होईल तेही आधीच ठरावं, आणि ते रोज, सगळ्यांना सारखं लागू व्हावं. आज सूट आणि उद्या संताप, यानं मुलं जास्त बिथरतात.

शिक्षकांच्या स्वतःच्या मनाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण परिषदेत कुणीतरी विचारेलच. प्रत्येक परिषदेची पहिली दहा मिनिटं त्यालाच द्या. जोडीजोडीनं बसून "या महिन्यात वर्गात सगळ्यात अवघड काय गेलं" एवढंच एकमेकांना सांगायचं, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं. ज्याचं कधी कुणी ऐकून घेतलं नाही, त्यानं मुलाचं ऐकून घ्यावं ही अपेक्षा मोठीच आहे.

आणि तुमचा चौथीतला मुलगा. दुसऱ्यांना शिकवायला निघाले आणि माझ्याच वर्गात हे, असं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला ते दिसलं, तारीखवार दिसलं, दिवाळीनंतर. त्याला वर्गात उभं करून काही विचारू नका आणि सध्या लिहिण्याचा आग्रहही धरू नका. रोज हाताला लागेल असं एक काम द्या, रोपांना पाणी, खडूचा डबा, काहीही, म्हणजे त्याला तुमच्याजवळ यायला निमित्त होईल. या आठवड्यात आजीला भेटा. ती झोपते कधी, तो झोपतो का, रात्री उठतो का, जेवतो किती, आई-वडिलांशी फोन होतो का. होत नसेल तर तुमच्या फोनवरून लावून द्या. फडावर पहाटे तोडणी सुरू होते आणि गाडी कारखान्यावर खाली करून यायला रात्र होते, त्यामुळे शाळेच्या वेळात फोन लागणार नाही. नेमकी वेळ आजीला किंवा मजुरांना नेणाऱ्या मुकादमाच्या घरी विचारा. आठवड्यातून एक ठरलेला वार असला की मूल त्या वाराची वाट बघू शकतं. शनिवारी शाळा सकाळची, उपक्रमांचीच असते. त्या दिवशी त्याच्याकडून आई-बाबांसाठी चित्र काढून घ्या आणि फोटो काढून पाठवा. गावात हंगामी वसतिगृह (ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या मुलांसाठीचं) चालू असेल तर संध्याकाळचं जेवण तरी तिथे मिळतंय का ते शाळा व्यवस्थापन समितीकडून बघा, आजीचं वय झालेलं असेल तर हा प्रश्न आधी सोडवायचा आहे.

दोन-तीन आठवड्यांत तो थोडाही मोकळा झाला नाही, किंवा खाणं-झोप बिघडलेली असेल, अंथरूण ओलं होत असेल, मरणाबद्दल काही बोलला, तर वाट बघू नका. 14416 वर आधी तुम्ही स्वतः बोला, काय दिसतंय ते सांगा आणि जिल्हा रुग्णालयात कधी न्यायचं ते विचारून घ्या. आजी घाबरेल, "पोराला वेडं ठरवता का" म्हणेल. तेव्हा आशाताईंना बरोबर घ्या. आणि केंद्रप्रमुखांना त्या दिवशी रजेऐवजी ऑन ड्युटी द्या म्हणून लेखी मागा, बीडला जाऊन यायला दिवस मोडतोच.